हातचे राखून

संग्रहाचा छंद ज्याला एकदा जडला, त्याच्या आयुष्यात दोन शब्द कायमचे वस्तीला येतात. एक 'लिलाव' आणि दुसरा 'राखीव किंमत'. पहिल्या शब्दाने त्याची झोप उडते. दुसऱ्याने त्याची अन्नावरची वासना उडते. विकणाऱ्याने आधीच मनाशी एक आकडा धरलेला असतो. बोली त्याच्या अलीकडे थांबली तर वस्तू विकायची नाही, असे त्याने ठरवलेले असते. हीच राखीव किंमत. वाळूपट्ट्यांच्या लिलावाच्या ज्या सरकारी जाहिराती निघतात, त्यांत तिला 'हातची किंमत' असे म्हटलेले असते. हा शब्द आम्हांला फार बोलका वाटतो. लहानपणी बेरीज करताना आपण 'हातचा एक' मनात धरीत असू. तो पाटीवर दिसत नसे, पण त्याच्यावाचून उत्तर जुळत नसे. लिलावातही तसेच होते. मात्र त्याच शब्दाला आपल्या भाषेत दुसरा एक वासही चिकटलेला आहे. 'हा हातचे राखून वागतो' असे आपण कोणाविषयी म्हणतो, तेव्हा ते कौतुकाने खचितच म्हणत नाही.

राखीव किंमत ही प्रामाणिकपणाची कुंपणभिंत आहे, की हातचे राखून वागण्याची कायदेशीर सवलत आहे? संग्राहकांच्या बैठकीत हा वाद निघाला की चहा निवून जातो. आम्ही स्वतः नाणी आणि टपालतिकिटे जमवतो. त्यामुळे हा वाद आम्ही ऐकला आहे, घातला आहे, आणि एकदा तो आमच्या दाराशी येऊन उभाही राहिला आहे. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

मालवणच्या माणसाला लिलाव म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. दांडीच्या किनाऱ्यावर किंवा बंदरावर होड्या लागल्या, की मासळी वाळूवर ओतली जाते, भोवती माणसांचे कडे पडते आणि बोली सुरू होते. बांगडे, पेडवे, सरंगा, इसवण, ज्याचा त्याचा ढीग वेगळा. बोली चटकन चढते आणि चटकन तुटते. तेथे राखीव किंमत धरून बसण्याला फारसा अर्थ नसतो. घरी दर्याकडे डोळे लावून बसलेल्या बायकोपोरांची गरज काय आहे, हे नाखव्याला ठाऊक असते. पण मासळी त्याच्या गरजेसाठी थांबत नाही. बर्फ आला, शीतगृहे आली, तरी किनाऱ्यावरचा भाव ठरवताना विकणाऱ्याच्या मनापेक्षा मासळीच्या ताजेपणाचेच अधिक चालते. राखीव किंमत ही टिकाऊ वस्तूंची आणि ज्याला थांबता येते अशा माणसांची चैन आहे. ही गोष्ट संग्राहकाने विसरू नये.

दुसरा लिलाव आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे फेस्ताची पावणी. मिस्सा आटोपली, की भाविकांनी अर्पण केलेल्या वस्तू मंडपात मांडल्या जातात. केळीचा घड, शहाळी, भोपळा, घरी भाजलेला केक, पाय बांधलेला एखादा कोंबडा. येथे राखीव किंमत तर नाहीच, उलट बाजारभावही नाही. शेजाऱ्याने बोली वाढवली म्हणून कोणी चिडत नाही. हसून आणखी वाढवतो. कधी कधी तर बोली जिंकणारा तोच घड पुन्हा वेदीच्या नावाने परत करतो आणि त्याची पावणी दुसऱ्यांदा होते. येथे प्रत्येक जण जास्त देण्याच्या तयारीने आलेला असतो, म्हणून कोणाला काही लपवावे लागत नाही.

संग्राहकांचा लिलाव या दोहोंपेक्षा निराळा. त्याचे स्थळ बहुधा मुंबई. अलीकडे घरबसल्या फोनवरही बोली लावता येते. आमच्यासारख्यांची हाव काही फार मोठी नसते. पोर्तुगीज हिंदुस्थानची टपालतिकिटे १८७१ पासून निघू लागली. त्यांतील सुरुवातीची एखादी. लुईस राजाची मुद्रा असलेला १८८१ किंवा १८८२ चा रुपया. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाच्या दर्शनसोहळ्यानिमित्त १९३१ साली निघालेला तिकिटांचा संच. पोप सहावे पॉल १९६४ साली मुंबईच्या युखरिस्तिक परिषदेस आले, त्या वेळी भारत सरकारने काढलेले संत थॉमसचे पंधरा पैशांचे तिकीट तर आजही एखाद्या जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या पानांत सापडते. ते स्वस्त आहे. पण स्वस्त वस्तूसाठीही संग्राहकाचे काळीज धडधडते, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

त्या धडधडण्यातच राखीव किमतीचा काटा रुततो. काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका लिलावात आम्ही १९३१ च्या संचावर बोली लावली. समोरून कोणी तरी वाढवले. आम्ही पुन्हा हात वर केला, पुन्हा वाढले. असे तीनदा झाले आणि आमची शक्ती संपली. हातोडा पडला, पण संच कोणाच्याच नावावर लागला नाही. तो 'पास' झाला. मागाहून कळले की आमच्याविरुद्ध बोलणारा दुसरा कोणी नव्हताच. राखीव किंमत गाठेपर्यंत लिलावकर्ता मालकाच्या वतीने बोलत होता. म्हणजे रिकाम्या खुर्चीशी आम्ही झुंज घेतली होती. तो संच महाग होता याचे दुःख आम्हांला झाले नाही. आम्ही बोलत होतो आणि पलीकडचा माणूस मुका होता, याचे मात्र झाले.

रागाच्या भरात आम्ही नियम धुंडाळले. मोठ्या लिलावगृहांच्या अटींत हे सर्व बारीक अक्षरांत छापलेले असते. राखीव किंमत गुप्त राहील, ती छापील अंदाजाच्या खालच्या आकड्याहून जास्त नसेल, आणि तेथवर लिलावकर्ता विक्रेत्यातर्फे बोली लावू शकेल. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्याच्या चौसष्टाव्या कलमातही याचा विचार आहे. विक्रीस राखीव किंमत आहे हे जाहीर करण्याची मुभा कायदा देतो. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल, तर तो हक्क त्याने आधी उघडपणे राखून ठेवला पाहिजे. भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली, तर ती विक्री रद्द करण्याचा अधिकार घेणाऱ्याला मिळतो. म्हणजे कायदा राखण्याला हरकत घेत नाही. न सांगता राखण्याला घेतो. ही मर्यादा आम्हांला शहाणपणाची वाटली.

पवित्र शास्त्रातील एक प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि त्याची पत्नी सप्पीरा आपली जमीन विकतात, किमतीतला काही भाग मागे ठेवतात आणि उरलेला सर्वस्व म्हणून प्रेषितांच्या चरणी आणून ठेवतात. आपण बहुधा समजतो की त्यांचा अपराध मागे ठेवण्याचा होता. पेत्राचे बोलणे नीट वाचले, तर तसे दिसत नाही. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच अधिकारात होता, असे तो स्पष्ट म्हणतो. दोष राखण्यात नव्हता, लपवण्यात होता. संग्राहकांच्या वादाला याहून नेमके उत्तर आम्हांला कोठे मिळालेले नाही.

अर्थात न्यायाने बोलायचे, तर घेणाराही काही कमी नसतो. लिलावाला निघताना आम्हीही एका चिठ्ठीवर आमची वरची मर्यादा लिहून ती खिशात ठेवतो, आणि ती सख्ख्या मित्रालाही दाखवत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात आली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने ती एका मध्यस्थामार्फत मिळवली. सर्व खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले, आणि ऑगस्टमध्ये तलवार मायभूमीला परतली. अशा प्रसंगी घेणाऱ्याने आपली आस चव्हाट्यावर मांडली, तर तिचाच भाव होऊन बसतो. तेव्हा घेणाऱ्याने खिशातली चिठ्ठी झाकून ठेवणे आणि विकणाऱ्याने आकडा झाकून ठेवणे, यांत फरक तो कोणता? आम्हांला एकच दिसतो. आमच्या झाकलेल्या चिठ्ठीमुळे कोणी नसलेल्या माणसाविरुद्ध बोलत नाही.

हा झाला घेणाऱ्याच्या बाजूचा विचार. पण संग्राहक हा आज ना उद्या विकणारा होतोच. तो नाही तर त्याचे वारस होतात. त्या दिवशी राखीव किंमत त्याला शत्रू वाटत नाही, तर घराच्या दाराची कडी वाटते. आमच्या एका संग्राहक मित्राच्या निधनानंतर हे आम्हांला जवळून पाहावे लागले.

मित्र प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पगार बेताचा, पण नाण्यांची पारख अशी की भले भले त्यांना विचारायला येत. त्यांच्या पेटीत एक सोन्याचे 'सांतोमे' होते. जुन्या गोव्याच्या सत्तेचे ते नाणे, एका बाजूस क्रूस, दुसऱ्या बाजूस राजचिन्ह. आम्ही ते शेकडो वेळा हातात घेतले असेल, आणि दर वेळी परत देताना बोटे किंचित जड झाली असतील. मित्र गेल्यावर वर्षभराने वहिनींनी निरोप पाठवला. मुलीचे शिक्षण होते, घराची डागडुजी होती. पेटी विकायची होती. लिलावगृहाने राखीव किंमत काय ठेवायची असे विचारले होते, आणि ती आम्ही सांगावी असे त्यांचे म्हणणे होते.

वाचकहो, हा प्रसंग साधा नव्हता. ज्या नाण्यासाठी आमचा जीव तुटत होता, त्याचीच किमान किंमत ठरवण्याचा अधिकार आम्हांला मिळत होता. आकडा थोडा खाली सांगितला असता तर कोणालाही कळले नसते. वहिनींचा आमच्यावर विश्वास होता, आणि बाजारात त्या दिवशी कोण येणार हे दैवाधीन होते. संत ऑगस्टीन यांनी पवित्र त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात एका माणसाची हकीकत नोंदवली आहे. त्याला एक हस्तलिखित विकत मिळत होते. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून त्याने अगदी थोडी किंमत मागितली. या माणसाने मात्र मागितलेली किंमत न देता त्याची खरी किंमत दिली, आणि ती मागितल्याहून पुष्कळ जास्त होती. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम ग्राहकाने त्या संध्याकाळी आम्हांला स्वस्थ बसू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींना सरळ सांगितले, "वहिनी, हे नाणे आम्हांलाही हवे आहे. म्हणून त्याची किंमत आम्ही ठरवणे बरे नव्हे." मग कोल्हापूरच्या एका जाणकारांना पेटी दाखवली. त्यांनी प्रत्येक नाण्यापुढे आकडा लिहून दिला. वहिनींनी कागद वाचला, 'सांतोमे'पुढच्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "भावजी, पुस्तकात किंमत काय आसा ती आसांदे. त्या वर्सा ह्यांनी ह्या नाणा घेतल्यानी, म्हणान घरार कौलां घालूची ऱ्हवली. अख्खो पावस आमी भांडी मांडून काडलो. ती कौलां पण हेच्यात धरा."

जाणकार हसले. आम्हांला हसू आले नाही. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील न्यायाचा विचार करताना नेमकी हीच गोष्ट सांगितली आहे. एखादी वस्तू देऊन टाकल्याने विकणाऱ्याला विशेष झीज सोसावी लागत असेल, तर न्याय्य किमतीत केवळ वस्तूचे मोल नव्हे, ती झीजही धरता येते. पण घेणाऱ्याला तिची फार गरज आहे एवढ्याच कारणाने भाव वाढवता येत नाही. कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते कोणी विकू नये. एवढ्याशा भेदात सारे सामावले आहे. वहिनींची गळकी कौले त्यांची स्वतःची होती. त्यांचा हिशोब त्यांनी किमतीत धरला, यात वावगे काहीच नव्हते. आमची हाव मात्र आमची होती. ती त्यांनी किमतीत धरली नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिने आमच्या मनातला जुना काटा निघाला. राखीव किंमत गुप्त ठेवायची की उघड, असे लिलावगृहाने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की लपवण्यासारखे त्यात काही नाही. त्यामुळे बोली त्या आकड्यापासूनच सुरू होईल असे यादीत छापले गेले. लिलावाच्या दिवशी आम्हीही चिठ्ठी खिशात घालून बसलो. पहिली बोली आमची. दुसरी एका अनोळखी गृहस्थांची. तिसरी आमची आणि शेवटची. चौथ्या बोलीला नाणे त्या गृहस्थांकडे गेले. आम्हांला वाईट वाटले, पण अपमान वाटला नाही. ज्याच्याशी सामना झाला तो माणूस खरा होता, आणि जेथून सुरुवात झाली तो आकडा एका बाईने राजरोस सांगितलेला होता.

जगाच्या बाजारात याच्या उलट टोकाच्या कथाही घडतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील ब्रिस्टलजवळच्या एका लिलावगृहाच्या टपालपेटीत कोणी तरी साध्या पाकिटात एक गोल चष्मा टाकून गेले. तो महात्मा गांधींचा निघाला. अंदाज दहा ते पंधरा हजार पौंडांचा होता. गेला दोन लाख साठ हजारांना. ज्याने पाकीट टाकले त्याच्या मनात कोणती राखीव किंमत असणार? आणि २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातील घड्याळ, ताट आणि वाटी लिलावास आली, तेव्हा भारतात हलकल्लोळ झाला. विक्रेत्याने ऐन वेळी वस्तू मागे घेण्याची इच्छा दाखवली, तरी लिलाव झालाच, आणि अठरा लाख डॉलरांना त्या गेल्या. कोणत्या आकड्याखाली द्यायचे नाही हे ठरवणे सोपे असते. मुळात द्यायचे की नाही हे मात्र हातोडा उचलण्यापूर्वीच ठरवावे लागते.

कारण काही वस्तूंना राखीव किंमत नसते, केवळ नकार असतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ११९० व्या कलमाने पवित्र अवशेषांची विक्री सर्वथा निषिद्ध ठरवली आहे. ही भावना केवळ आपलीच नाही. २०२५ च्या मे महिन्यात पिप्रहवा येथील बुद्धांच्या अवशेषांसोबत सापडलेली रत्ने हाँगकाँगला लिलावास निघाली, तेव्हा जगभरच्या बौद्धांची मने दुखावली. भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला, आणि जुलैमध्ये एका भारतीय उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती रत्ने भारतात परत आली. आपल्या घरांतही अशा वस्तू असतात. आजीची जपमाळ, वेदीवरचा काळवंडलेला क्रूस, पहिल्या कम्युनियनची मेणबत्ती. त्यांना बाजारात फारसा भाव नाही, हे आपले भाग्यच. पण उद्या कोणी भाव विचारत आला, तर आकडा शोधत बसण्यापेक्षा 'नाही' म्हणणे अधिक सरळ.

मत्तयच्या शुभवर्तमानातील मोत्यांचा व्यापारी आम्हां संग्राहकांचा आवडता. मौल्यवान मोती दृष्टीस पडताच तो सर्वस्व विकतो आणि तो मोती घेतो. त्याने घासाघीस केली असे प्रभू येशू सांगत नाही. सर्वस्व विकताना आपल्या जुन्या मोत्यांवर त्याने राखीव किंमत ठेवली होती काय, हेही सांगत नाही. आम्ही मात्र त्या व्यापाऱ्याइतके पोहोचलेलो नाही. आम्ही चिठ्ठी लिहितो, खिशात ठेवतो, आणि पुढेही ठेवू.

तरी एवढे आम्ही आता घरच्यांना सांगून ठेवले आहे की आमच्या पश्चात पेटी विकावी लागली तर अवश्य विकावी. मात्र किमान आकडा यादीत छापून घ्यावा. त्यात नाण्याचे मोल धरावे, त्यापायी घराने जे सोसले असेल तेही धरावे, पण समोरच्याची तळमळ धरू नये. राखणे या शब्दातूनच राखीव आला आणि राखणदारही आला. बागेचा राखणदार आंबे मोजतो, पाखरे हाकतो, रात्री जागतो; पण बाग त्याची नसते, आणि हंगाम संपला की तो कंदील उचलून घरी जातो. संग्राहकाचा अधिकारही तेवढाच. नाणे आपल्या आधी किती तरी हातांतून आले, आपल्यानंतरही जाईल. आपल्या हातात आहे तोवर ते नीट राखावे, आणि द्यायची वेळ आली की काय राखले ते मोठ्याने सांगावे.